फुगणारं दार

मंगलाताईंच्या दिवाणखान्यात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात चपलांचा ढीग, खिडकीशी बायका, सोफ्याच्या हातांवर पुरुष. सगळ्यांचे डोळे लागले होते ते समोरच्या देवघराच्या बंद दाराकडे. ते दार आज पापी ओळखणार होतं.

"सुनो भक्तो!" ज्वालागिरी महाराज गरजले. "यह दरवाजा नहीं, अग्निदेव का गाल है! शुद्ध हाथ को शीतल, पापी हाथ को अंगार! जिसके पाप से इस घर की गोद सूनी है, उसके सामने आते ही यह गाल फूलेगा!"

अग्नीला गाल असतात हे मला त्या दिवशी कळलं. महाराजांचा चेला सकाळपासून देवघरात सोवळं नेसून अनुष्ठानाला बसला होता. बाहेर दोघं जण ढोल-झांज बडवत होते, आणि महाराज हात वर करेपर्यंत ती थांबवायची नाही अशी त्यांना सक्त ताकीद होती.

मी प्रतिभा, शेजारीण. मुलींच्या सरकारी शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. नवरा रेल्वेत, बदली होऊन उज्जैनला आलो आणि इथलेच झालो. मंगलाताईंचं घराणं मात्र दरबारी. पूर्वज सरकारच्या दप्तरात होते, हे त्या भाजीवाल्यालाही ऐकवतात. दरबार गेला, दप्तर गेलं, उरलं ते सोवळं. त्यांच्या देवघरात सोवळं नेसल्याशिवाय कोणी पाऊल टाकायचं नाही. इतकी वर्षं शेजार करून मी ती खोली आतून पाहिलेली नव्हती. दार तेवढं माहीत होतं. माकडं नैवेद्य पळवतात म्हणून त्यांनी लाकडी दार काढून लोखंडी पत्र्याचं बसवलं होतं, आणि दर नवरात्राआधी त्यावर हिरव्या ऑइलपेंटचा नवा हात मारला जायचा. जुना रंग खरवडायचा नाही, वरूनच.

आज परीक्षा होती ती त्यांच्या सुनेची, अमृताची. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नव्हतं. दार फुगलं तर तिने त्याच दिवशी खंडव्याला माहेरी जायचं आणि परत यायचं नाही, असं घरात ठरलं होतं. ठरवताना तिला कोणी विचारलं नव्हतं.

आदल्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना ती मला म्हणाली, "मावशी, माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. डॉक्टरांनी ह्यांना पण टेस्ट करायला सांगितलं, तर हे जातच नाहीत."

"मग तू कशाला उभी राहतेस त्या दारापुढे?"

"नाही राहिले तर म्हणतील, घाबरली. आणि दार तर काही माझ्याशी खोटं बोलणार नाही ना?"

नवऱ्यापेक्षा तिचा पत्र्यावर जास्त भरवसा होता. मला तेव्हा तिचा राग आला. आता वाटतं, बिचारीने आणखी कोणावर ठेवायचा?

परीक्षा सुरू झाली. आधी मंगलाताईंनी दारावर हात ठेवला. गार. मग त्यांच्या मुलाने, विक्रांतने. गार. "जय हो!" दोन-चार शेजाऱ्यांनीही हौसेने हात लावून घेतले आणि आपण पुण्यवान असल्याची खात्री करून जागेवर जाऊन बसले.

अमृताचं नाव पुकारलं तेव्हा महाराजांचा मंत्र एकदम लांबला. तिला दारापासून थोडं दूर उभं केलं. झांजा वाढल्या. इतक्यात डोक्यावरचा पंखा मंदावला आणि ट्यूबलाइट लुकलुकली.

"शक्ती आली! शक्ती आली!" कोणीतरी ओरडलं.

शक्ती आली की लोड आला? घरात कुठेतरी मोठ्या वॅटची वस्तू सुरू झाली होती हे उघड होतं. पण सगळं घर तर इथे माझ्यासमोर उभं होतं.

मग दार फुगलं. खरोखर फुगलं. मधोमध, छातीच्या उंचीवर, हिरव्या रंगाला एक फोड आला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता पत्र्यावर पोळीसारखे फुगे उठले. बायका किंचाळल्या. कोणी हात जोडले, कोणी मोबाइल वर धरले.

"अब हाथ रख, बेटी!"

अमृता मागे सरकली. मी "नको!" म्हणून ओरडले, पण त्या ढोलात कोण ऐकतो? विक्रांतने तिचं मनगट धरलं आणि तळवा दारावर दाबला.

तिची किंकाळी मात्र ढोलातूनही सगळ्यांना ऐकू आली.

त्याच वेळी माझ्या नाकात वास शिरला. करपलेल्या ऑइलपेंटचा. हा वास माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

मागच्या वर्षी टावर चौकातून मी एक हीट गन आणली होती. दिसायला केस वाळवायच्या यंत्रासारखी, पण तिची हवा इतकी गरम की दारं-खिडक्यांचा रंग फुगून सुटतो, गंजलेला नट ढिला होतो. घरातली असली कामं मी स्वतःच करते. काही दिवसांपूर्वी विक्रांत ती मागायला आला. "मावशी, तुमची ती मशीन द्या ना, बाथरूमची खिडकी ठीक करायची आहे."

मी पडले शिक्षिका. वस्तू देताना धडा दिल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही. म्हटलं, "एका जागी धरून ठेवू नको, फिरवत राहा. थांबलास की रंग आधी फुगतो, मग करपतो. फार जुना रंग असेल तर हिला हात लावू नको, त्यात शिसं असतं आणि त्याचा धूर विषारी. खिडकी उघडी ठेव. कापूस, कापूर, पडदे असलं काही जवळ नको. बंद केल्यावरही तिचं तोंड बराच वेळ चटका देतं, तेव्हा उभी करून ठेवायची. आणि पत्र्यावर मारलीस तर पलीकडची बाजूही तापते. तिकडे कोणी हात टेकून उभं नाही ना, ते आधी बघ."

त्याने सगळं मन लावून ऐकलं. पलीकडची बाजू तापायला किती वेळ लागतो, हेही विचारलं. मुलगा किती जपून काम करतो, म्हणून मला केवढं कौतुक वाटलं!

मी अमृताला ओढत बेसिनकडे नेलं, नळ सोडला आणि तिचा हात धारेखाली धरला. "मी सांगेपर्यंत पाण्यातून काढायचा नाही." मंगलाताई हळदीचा डबा घेऊन आल्या. "हळद आमटीत घाला," मी म्हटलं. मग ओला टॉवेल हाताला गुंडाळला आणि देवघराच्या दाराकडे निघाले.

"प्रतिभाताई! सोवळं!" मंगलाताई किंचाळल्या. सुनेचा हात भाजला तेव्हा त्यांचा आवाज एवढा चढला नव्हता.

दाराला आतून कडी नव्हती. गरजच वाटली नसेल. दरबारी घराण्याच्या सोवळ्यापेक्षा भक्कम कुलूप बाजारात कुठे मिळतं?

आत चेला उभा होता. अंगावर रेशमी सोवळं, कपाळाला भस्म आणि हातात माझी हीट गन. मला बघून तो इतका दचकला की गन त्याच्या हातातून सुटली, ती थेट देवापुढच्या वातींच्या कापसावर. कापूस भुर्रकन पेटला. कापराचा डबा तिथून वीतभर. मी आधी प्लग ओढला, गन उचलून बाजूला उभी केली, मग कापसावर देवाची कळशी ओतली. "आधी वीज, मग पाणी!" हेही ओरडले, सवय जात नाही. खिडकी उघडली. कोंडलेल्या धुरात चेला कमरेतून वाकून खोकत होता. मला त्याची दया आली नाही.

ढोल थांबला. महाराज चाचरले, "यह तो... अनुष्ठान का यंत्र है."

"यंत्रच आहे, महाराज. आणि माझं आहे. मुठीवर माझं नाव रंगवलंय, वाचता येतं का?"

सगळ्यांना मागे सारलं. दाराला कोणीही शिवायचं नाही असं बजावलं, आग लागेल असं सगळं देवघरातून बाहेर काढलं आणि दार लोटून आतून गन सुरू केली. पंखा मंदावला. ढोल बंद असल्यामुळे गनची घरघर आता सगळ्यांच्या कानांवर गेली. थोड्या वेळाने पुढून लोकांचा "अरे! अरे!" ऐकू आला. गन बंद करून बाहेर आले. दारावर नवा फोड उठला होता.

"याच्यापुढे कोणीच उभं नव्हतं. आता सांगा, हा फोड कोणाच्या पापाचा?"

मघाशी हौसेने हात लावणारे शेजारी दारापासून दोन पावलं मागे सरकले.

"विक्रांत, ये. ठेव हात."

विक्रांतने हात खिशात घातले.

महाराजांनी वारा ओळखला. "हमें क्यों घूर रही हो, माताजी? जजमान ने जो कहा, हमने किया. बहू का नाम इन्होंने बताया, मशीन भी यही लाए."

मंगलाताई मुलाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता तरी ही बाई त्याच्या थोबाडीत देईल. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "अग बाई, देवघर बाटलं की सगळं. शुद्धी करावी लागेल."

मागून एक गृहस्थ म्हणाले, "मशीन-बिशीन ठीक आहे हो. पण इतक्या जणांत दार हिच्याच वेळी का फुगलं? कुछ तो होगा ना."

आणि अर्ध्या दिवाणखान्याने माना डोलावल्या. त्यांनी यंत्र पाहिलं होतं, प्लग पाहिला होता, यजमानाचं नाव ऐकलं होतं. तरीही. मी इतकी वर्षं या गावात शिकवलं. त्यातल्या काही बायका माझ्याच विद्यार्थिनी.

अमृताने बेसिनपाशी हे सगळं ऐकलं. तिने नळ बंद केला नाही, फक्त मान वळवली. "मावशी, आधी डॉक्टरकडे चला. मग पोलीस ठाण्यात. खंडव्याला मी जाईन, पण कोणी पाठवलं म्हणून नाही."

तसंच झालं. तक्रार नोंदली गेली, गन पुरावा म्हणून जमा झाली. महाराज दुसऱ्या कॉलनीत पुन्हा बसू लागले आहेत, असं दूधवाला सांगत होता. अमृता खंडव्याला असते. तिच्या उजव्या हाताची मूठ अजून नीट वळत नाही. देवघराच्या दाराला नवरात्राआधी हिरव्या रंगाचा हात बसला, जुना न खरवडताच. फोड त्याच्याखाली झाकले गेले.

माझं मागणं फार मोठं नाही. उद्या तुमच्या ओळखीच्या घरात दार फुगलं, मूर्तीला घाम फुटला, दिवा आपोआप पेटला, तर पुढे उभ्या केलेल्या बाईकडे बघू नका. सोवळं-ओवळं बाजूला ठेवा आणि दाराच्या मागे जा. तिथे एक माणूस सापडेल. त्याला बाहेर काढा, आणि मग घरातल्यांकडे वळून विचारा, याला आत कोणी बसवलं?