पाण्यात मामा नसतो

बन्सीमामानं मागून येऊन गौतमीच्या गळ्याला मिठी मारली आणि तिला सरळ पाण्याखाली दाबलं. नाकातोंडात घोडनदी शिरली. डोळ्यांपुढे हिरवं झालं, मग काळं झालं. शेवटी मामानंच तिला केसांना धरून वर ओढलं.

"सोडा ना ओ मामा!" गौतमी खोकत म्हणाली.

"बुडणाऱ्याला 'सोडा ना ओ' म्हणणार हायस व्हय? गुडघा हाण पोटात! चाव! नाक फोड माझं!"

"तुम्हाला कशी लाथ मारू? पाप लागंल."

"पाण्यात मामा नसतोय गौतमे. पाण्यात फकस्त बुडणारा आसतो आन् त्याच्या हाताला जो घावंल त्याची त्यो शिडी करतो. परत!"

परत मिठी, परत दाबणं. काठावर बसलेली अकरा पोरं खी खी हसत होती. चौथ्या वेळी गौतमीला उलटी झाली, पण मामाला एक चापट मारायला काही तिचा हात उठला नाही.

तसा गौतमीचा हात एरवी कुणावर उठत नव्हता असं नाही. नववीला वर्गातल्या पोरानं वेणी ओढली तेव्हा तिनं कंपासपेटी त्याच्या डोक्यात घातली होती. पण मामा म्हणजे मामा! दौंडला राखीव पोलिसांत, एसआरपीत नोकरीला. पुरात माणसं काढायला जायचा. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या आक्काबाईचा महेंद्र बंधाऱ्यात बुडून मेला, तेव्हा दोन दिवसांनी फुगलेलं प्रेत मामानंच बाहेर काढलं होतं. वय वर्षं आठ. त्या दिवशी मामा भाकरीला शिवला नाही. या वर्षी मे महिन्यात, म्हणजे दोन हजार दोन साली, तो दहा दिवसांची रजा टाकून आला आणि भीमनगरातली सगळी पोरं त्यानं नदीवर नेली.

गावात पोहायला शिकवायची पद्धत एकच. पोराला उचलायचं आणि विहिरीत फेकायचं. कमरेला चऱ्हाट असलं तर नशीब. "धा घोट पाणी पिल्याबिगर पोहता येत न्हाई," असं जुनी माणसं म्हणायची आणि वर हसायची. मामाचं मात्र भलतंच. पहिले दोन दिवस त्यानं पोरांना नदीला शिवूच दिलं नाही. काठावर पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवलं आणि एकेकाला त्यात तोंड बुडवून आकडे मोजायला लावले! अख्खं गाव हसलं. तिसऱ्या दिवशी गुडघाभर पाण्यात बसायचं. मग मेल्यासारखं उताणं पडायचं. मग दगड धरून पाय झाडायचे. मग पाठीवर तेलाचे दोन रिकामे कॅन बांधून, मग एक कॅन, मग बिनकॅनचं. आणि रोज सुटी व्हायच्या आधी सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "बुडत्यामागं उडी न्हाई, आधी दोरी!"

दहाव्या दिवशी मामाची रजा संपली. त्यानं बॅग खांद्याला लावली.

"माझ्या मागं क्लास बंद," तो म्हणाला.

"का? मला समदं येतंय की. मी शिकवते."

"शिकवायला येतंय तुला. सुटायला येत न्हाई. एखादं पोरगं गळ्यात पडलं तर त्येच्यासंगट जाशील खाली. ज्या दिशी मला मारून सुटशील, त्या दिशी क्लास तुझा."

शिरूरची एसटी आली. मामा गेला. गौतमी थांब्यावर पाय आपटत उभी राहिली. क्लास बंद म्हणजे काय होणार, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ऊन काय थांबणार होतं का? अकराच्या अकरा पोरं दुपारी चोरून नदीवर जाणारच. आणि ती आता अर्धवट शिकलेली. न शिकलेलं पोर पाण्याला भितं तरी, अर्धवटाला ती भीतीसुद्धा नसते. महेंद्र असाच गेला होता, घरी कुणाला न सांगता.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्यापासून उजळणी घ्यायची ठरवून, गौतमीनं घमेलं उचललं आणि मामाचा शब्द मोडून निघाली.

तिची मैत्रीण राजश्री दोरी घेऊन काठावर उभी राहिली. राजश्रीला पोहणं येत नव्हतं, पण दोरी फेकण्यात तिचा हात कुणी धरला नसता. अकरा पोरं आली. आणि बारावी एक आली. नवं परकर-पोलकं, दोन घट्ट वेण्या, वय नऊ. हौसरावांची नात सविता.

हौसराव म्हणजे बंधाऱ्यावर ज्यांच्या पाणी उपसायच्या तीन मोटारी होत्या ते. गावात सोसायटी त्यांच्या शब्दावर चालायची. त्यांच्या घरातलं पोर भीमनगरच्या पोरांच्या रांगेत बसलेलं कुणी आजवर पाहिलं नव्हतं.

"घरी सांगून आलीस का?" गौतमीनं विचारलं.

"व्हय," सविता इतक्या पटकन म्हणाली की ते खोटं आहे हे सगळ्यांनाच कळलं.

"परत जा."

"मला घमेल्यात तोंड घालायचंय. मी घरी बादलीत घालून बघितलंय. तीसपातूर मोजते मी!"

आता तीसपर्यंत मोजणाऱ्या पोरीला कोण परत पाठवणार? गौतमीनं तिला घमेल्यापाशी बसवलं. सविता खरंच तीसपर्यंत गेली. टाळ्या पडल्या. ती ओल्या तोंडानं हसली, आणि तेवढ्यात वर रस्त्यावर ट्रॅक्टर थांबला.

माऊली खाली उतरला. सविताचा चुलता, हौसरावांचा धाकटा. पंचविशीचा गडी, हातात बाभळीचा फोक. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नदी कोरडी असताना वाळू उपसायचा धंदा त्याचाच. आता धरणातून आवर्तनाचं पाणी सुटलं होतं आणि त्यानं उपसलेल्या जागी डोह झाला होता. वरून बघितलं तर सगळं पाणी सारखंच. महेंद्र त्याच डोहात गेला होता.

"सवे!" तो ओरडला. "ह्यांच्या घमेल्यात त्वांड घालतीस?"

पहिला फोक सविताच्या पोटऱ्यांवर बसला. दुसरा पाठीवर. पोलकं उसवलं. सविता किंचाळली.

"दादा, मारू नका तिला!" गौतमी मधे पडली. तिसरा फोक तिच्या दंडावर बसला, कातडी फाटून रक्त आलं. माऊलीनं लाथ मारून घमेलं नदीत उडवलं.

"पोहायचंय व्हय गं तुला? शिकवतो की! मला माझ्या बापानं जसं शिकवलं तसं शिकवतो!"

त्यानं सविताला बखोटीला धरून बंधाऱ्याच्या भिंतीवर फरफटत नेलं. तिचे गुडघे दगडावर सोलले. "न्हाई काका, न्हाई!" ती त्याच्या हाताला चावत होती. गौतमी मागून धावली, "तिथं डोह हाय! तिथं नको!" म्हणून बोंबलली. माऊलीनं ऐकलं असेल नसेल. त्यानं पोर उचललं आणि नदीत भिरकावलं.

सविता पाण्यावर आपटली आणि गेली. वर आली नाही.

माऊली कमरेवर हात ठेवून हसत होता. विहिरीत फेकलेलं पोर बुचासारखं वर येतं, हे त्यानं शंभरदा पाहिलेलं. एक, दोन, तीन. त्याचं हसू तोंडावरच वाळलं. नुसतेच बुडबुडे येत होते.

"सवे?" तो म्हणाला, आणि कपड्यांसकट उडी टाकली.

माऊलीला पोहता येत होतं, म्हणजे विहिरीत मुटका मारून चार हातांत पायरी गाठण्यापुरतं. इथं पायरी नव्हती. तो पुतणीला घेऊन वर आला खरा, पण सविता त्याच्या गळ्याला अशी आवळली होती की त्याला श्वासच घेता येईना. तिला वर यायचं होतं आणि त्याच्या डोक्यावर पाय देऊन ती वर येत होती. तो तिला ओढून खाली दाबत होता आणि स्वतः वर येत होता. चुलता आणि पुतणी एकमेकांना बुडवत होते.

"राजे, दोरी!"

राजश्रीनं दोरी फेकली. माऊलीच्या हाताशी पडली, पण त्याला दिसलीच नाही. परत फेकली. सविताचं डोकं खाली गेलं ते खालीच राहिलं.

मग गौतमी शिरली. दोरीचं टोक दातांत धरून ती मागच्या बाजूनं गेली. सविताच्या दोन्ही वेण्या मुठीत धरल्या आणि हिसडा दिला. सुटेना. माऊलीची बोटं पोरीच्या दंडात रुतली होती. गौतमीनं त्याचा अंगठा धरला आणि उलटा पिरगाळला. कट्ट असं काहीतरी झालं. माऊली ओरडायला गेला तर तोंडात नदी गेली. पोर सुटलं. गौतमीनं दोरीचा फास तिच्या काखेतून घातला. "वढ!" राजश्रीनं आणि अकरा पोरांनी मिळून असं ओढलं की सविता पाण्यावरून मासळीसारखी घसरत गेली.

गौतमी वळली, आणि माऊलीनं तिला समोरून मिठी घातली.

ती मिठी मामाची नव्हती. मामा मनात मोजायचा आणि सोडायचा. हा सोडणार नव्हता. त्याचे डोळे उघडे होते, पण त्यांत माणूस नव्हता. बरगड्या मोडतील असं त्यानं आवळलं आणि तिच्या खांद्यावर चढला. दोघं खाली गेले. गौतमीला वर उजेड दिसत होता आणि तो बारीक बारीक होत होता. पाय मारून वर जावं असं अंगातलं हाड न् हाड म्हणत होतं.

वर नको येऊ, मामा दहा दिवस ओरडत होता. खाली जा. बुडणाऱ्याला खाली यायचं नसतं.

तिनं पाय मारायचे थांबवले. उरलेली हवा सोडली आणि माऊलीला घेऊन मुद्दाम खाली गेली. आणखी खाली, जिथं पाणी गार होतं. त्याची पकड किंचित ढिली झाली. तिनं गुडघा त्याच्या पोटात हाणला. परत हाणला. दंडाला चावली, तोंडात रक्ताची चव आली. मग डोकं मागं घेतलं आणि कपाळ सगळ्या जिवानिशी त्याच्या नाकावर आपटलं. पाण्यात लाल धूर पसरला. मिठी सुटली.

गौतमी वर आली, एक श्वास घेतला आणि परत खाली गेली. मागून त्याचे केस धरले. त्याचा चेहरा वर ठेवून तिनं त्याला काठाकडं ओढत नेलं, आणि मधेच त्यानं हात उचलला तेव्हा कानशिलात एक ठेवून दिली.

पाण्याच्या मोटारीपासून हौसराव पळत आले तेव्हा त्यांना काय दिसलं? नात उसवलेल्या पोलक्यात पालथी पडलेली. पोराचं तोंड रक्तानं माखलेलं, आणि भीमनगरची पोरगी त्याचे केस धरून उभी.

त्यांनी विचारलंच नाही. पहिली थप्पड गौतमीच्या डोळ्यावर बसली, दुसरीनं ओठ फाटला. "माझ्या पोराच्या अंगाला हात लावतीस? तुमची एवढी मजल?" तिसरीला ती दगडांत पडली.

"तिनं काढलं त्यांना, आबा! तिनं काढलं!" राजश्री घसा फोडून ओरडत होती. हौसरावांनी तिलाही ढकललं.

तेवढ्यात सविताला भडभडून ओकारी झाली. पाणी, वाळू, सकाळची चपाती. ती हातांवर उठली.

"काकानं फेकलं मला," ती म्हणाली. "हितं."

हौसरावांचा हात वरच राहिला. ते गौतमीकडं बघेनात, राजश्रीकडं बघेनात. मग वळले आणि माऊलीच्या बरगडीत बुटाची लाथ घातली. एक, दोन, तीन. माऊली दगडांत मुरकुटून पडला आणि आवाज न करता मार खात राहिला. सविता कान झाकून रडायला लागली. शेवटी म्हाताऱ्यालाच धाप लागली.

"उद्यापसनं हितं एक जरी पोर दिसलं," ते भीमनगरच्या पोरांना म्हणाले, "तर तंगड्या तोडीन." नातीला उचलून ते निघून गेले.

संध्याकाळी गौतमीनं किराणा दुकानातल्या फोनच्या डब्यात रुपया टाकून दौंडला फोन लावला. सुजलेल्या ओठानं सगळं सांगितलं.

"नाक फुटलं का निस्तं रगात आलं?"

"फुटलं. अंगठाबी गेला."

"मी शनिवारी येतो. तवर काय करशील?"

"उद्या परत दगड धरून पाय झाडायचा दिवस हाय," गौतमी म्हणाली, आणि रुपया संपला.

सकाळी ती गेली तेव्हा उतारावर बाभळीचे काटे पसरलेले होते. अकरांतली चारच पोरं आली, बाकीच्यांना आयांनी कोंडलं होतं. एक डोळा बंद, तरी गौतमीनं विळ्यानं ओढून ओढून काटे बाजूला केले. तिच्या टाचेत दोन मोडले. राजश्रीनं दोरी उलगडली आणि चारही पोरांना दगड धरून उभं केलं.

"पाय! गुडघ्यात न्हाई, मांडीतनं! झाडा!"

वर ट्रॅक्टर वाजला. पोरांचे पाय थांबले. राजश्रीनं दगड उचलला.

माऊली एकटाच उतरला. नाकावर पट्टी, अंगठा फळकुटाला बांधलेला, एका अंगावर कलून चालत होता. खांद्यावर सात-आठ बांबू, त्यांना लाल चिंध्या. कुणाकडं न बघता तो पाण्यात शिरला. कमरेइतक्या पाण्यात पोचला आणि थांबला. डोहाकडं तोंड करायची काही त्याची हिंमत होईना. काठाकडं तोंड करून, पाठ डोहाला देऊन तो तसाच उभा राहिला.

"खड्ड्याची कड कुठंशी हाय?" तो म्हणाला. वाळू त्यानं काढलेली, पण कड कुठं आहे हे त्याला सांगता येत नव्हतं. गौतमीला येत होतं.

"माऊली!" वरून हौसरावांचा आवाज आला. "भाईर ये! त्या पोरीचं ऐकतोस?" एक दगड येऊन त्याच्या खांद्याला लागला. तो हलला, पण निघाला नाही.

गौतमी त्याच्यापासून पाच हातांवर पोहत जाऊन थांबली. फुटलेला ओठ पाण्यानं चुरचुरत होता.

"मागं सरक," ती म्हणाली.

तो सरकला.

"अजून."

सरकला. पाणी छातीला लागलं.

"अजून एक."

त्याच्या टाचेखालची वाळू ढासळून खाली चाललेली तिला पाण्यातून दिसत होती. आणखी एकदा 'अजून' म्हटलं असतं तर तो तेही पाऊल टाकणार होता. तो शब्द तिच्या जिभेवर आला होता. तिनं तो चांगला तीन आकडे मोजेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"थांब," ती म्हणाली. "हिथं ठोक."

तो दुखऱ्या हातानं ठोकू लागला. बांबू वाळूत रुतला आणि लाल चिंधी पाण्यावर फडफडली.

"दुसरा आण," गौतमी म्हणाली, आणि मागं वळून पोरांवर ओरडली, "तुमचं काय थांबलंय? पाय!"