दहा महिने गोड, दोन महिने खारी

मी एक जुनी विहीर आहे, आणि वर्षातले दहा महिने गोड आहे. उरलेल्या दोन महिन्यांबद्दल मी पूर्वी गप्पच बसत असे. पण आज तेच तुम्हाला सांगायचं आहे, मित्रांनो.

आचऱ्याच्या खाडीपासून हाकेच्या अंतरावर मला खोदलं. गंगाराम नावाच्या गृहस्थाने आधी मला खणलं आणि मग शेजारी घर बांधलं, म्हणजे मी घरापेक्षा वडील! आतून चिऱ्यांनी बांधलेली, वर लाकडी रहाट. सकाळ-संध्याकाळ कळश्या यायच्या. गंगारामची सून माझं पाणी पाहुण्यांना तांब्याभर द्यायची आणि मी फुगायचे. मग नळ आले, माणसं मुंबईला गेली, घराला कुलूप लागलं. रहाट कुजून पडला. माझ्या भिंतीत नेचे उगवले आणि बेडकांनी बिऱ्हाड मांडलं. त्यांच्याशी माझं बरं होतं, पण बेडूक काही पाण्याची स्तुती करत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी चतुर्थीला गंगारामचा नातू सुदेश आला, तो घर विकायचं ठरवूनच. पाठोपाठ सिद्धेश आणि समीक्षा घर बघायला आली. सिद्धेश इथल्या शाळेत मास्तर, दोघंही घाटाजवळच्या तळेऱ्याकडची. लग्नापासून भाड्याच्या खोलीत राहत होती. हे त्यांचं पहिलं घर होणार होतं आणि गाठीला होतं नव्हतं ते सगळं त्यात जाणार होतं.

भाद्रपदात माझं रूप काय वर्णावं! काठोकाठ भरलेली, नितळ. समीक्षा ओंजळभर पाणी प्यायली आणि हरखली. पण मुलगी व्यवहारी. तिने सुदेशला विचारलं, "मे म्हयन्यात आटता काय ही?"

"कधीच आटणा नाय," सुदेश म्हणाला. "माझ्या आजयेनय कधी तळ बघूक नाय."

हे अगदी खरं होतं. पण घाटाच्या बाजूची माणसं विहीर आटते का एवढंच विचारतात. खाडीकाठची विहीर उन्हाळ्यात आटत नाही, खारी होते. हे विचारायचं त्यांना सुचणार तरी कसं? सुदेश खोटं बोलला नाही, फक्त पुढचं बोलला नाही. आणि मी? मला माणसं हवी होती. मला तोंड असतं तरी मी ते उघडलं नसतं. याची मला आजही लाज वाटते.

शेजारच्या काशीबाई मात्र कुंपणापाशी उभ्या होत्या. दुसऱ्याचा सौदा मोडू नये हा वाडीचा रिवाज, म्हणून त्या बराच वेळ नुसती फुलं तोडत राहिल्या. शेवटी त्यांच्याने राहवलं नाही. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. त्या समीक्षाला हळूच म्हणाल्या, "बाय, घराक नाव ठेवचा माझा काम न्हय. पण विसार देवच्या आधी एकदा मे म्हयन्यात ये आनि ह्याच बावीचा पाणी पी."

विसार म्हणजे सौदा पक्का करायला आधी द्यायची रक्कम. ती त्या दिवशी दिली गेली नाही. सुदेश चिडला. "दुसरा गिऱ्हाईक तयार आसा, मगे माका बोलू नकात," म्हणाला. सिद्धेश घाबरला, घर हातचं जाईल असं त्याला वाटलं. समीक्षा मात्र हलली नाही. ते दुसरं गिऱ्हाईक मला तरी कधी दिसलं नाही.

मे महिन्यात ती दोघं परत आली. आंबे उतरवायला सुदेशही आला होता. समीक्षाने पाणी शेंदलं, एक घोट घेतला आणि थुंकून टाकला. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, जमिनीने मला पोटात घ्यावं.

"आटता काय म्हणून मी विचारलंय," ती सुदेशला म्हणाली. "खारी होता ह्या तुमी कित्याक सांगूक नाय?"

"तुमी विचारूक नाय," सुदेश खाली बघत पुटपुटला.

आता ही जाणार, हे मी धरूनच चालले. पण ती माझ्या काठावर बसली आणि काशीबाईंना विचारू लागली, मग तुम्ही काय करता?

"भांड्यांक, कपड्यांक, माडांक ह्या पाणी चलता. पिवक आमी वरच्या महादूभावजींच्या बावीर जातंव."

मग समीक्षाने प्रश्नांचा सपाटाच लावला. वरच्या विहिरीचं पाणी आम्हाला मिळेल का? ते कागदावर लिहून मिळेल का? वर जायची वाट कुणाच्या जमिनीतून जाते? सातबाऱ्यावर सुदेशशिवाय कुणाचं नाव आहे? तर निघालं, त्याच्या भावाचं, अजयचं! अजय मुंबईहून येऊन सही करेपर्यंत तिने खरेदीखत होऊ दिलं नाही. महादूंनीही पाण्याचा हक्क लिहून दिला. सुदेशला किंमत उतरवावी लागली, ती त्याने मुकाट्याने उतरवली.

पावसाआधी त्यांनी माझा गाळ उपसला, नेचे काढले, नवा रहाट बसवला. बेडकांना तेवढं राहू दिलं.

घरभरणीला समीक्षाची मावशी आली. सगळ्यांसमोर तिने विचारलं, "बावीचा पाणी बरा आसा गो?"

"दहा म्हयने गोड, दोन म्हयने खारा," समीक्षा हसत म्हणाली. "पिवक तेव्हा वरसून आणतंव. पण आमची बाव कधी आटणा नाय."

आमची, म्हणाली ती! माझं वाईट चाखून मग तिने मला आपलं म्हटलं होतं. गोड पाण्याची स्तुती मी आयुष्यभर ऐकली, पण इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

म्हणून मित्रांनो, मोठे होऊन घर घ्यायला निघालात, तर त्याला त्याच्या वाईट महिन्यात जाऊन भेटा आणि शेजाऱ्यांशी दोन शब्द बोला. त्याने त्या घराचाही अपमान होत नाही. उलट, लपवायला काही उरलं नाही की आम्हा घरा-विहिरींनाही निवांत झोप लागते.