दरडोई बहात्तर

माघातली दुपार होती. पोफळवलीच्या बागांत रहाट कुरकुरत होते, पाटातले पाणी पोफळींच्या मुळांकडे निमूट चालले होते, आणि तात्या दामले यांच्या मागल्या अंगणात आनंदीबाई पहाटेपासून सुपारी सोलीत बसल्या होत्या. त्या तात्यांच्या थोरल्या भावाची विधवा. चौदाव्या वर्षी त्यांचे कुंकू पुसले गेले, त्याच वर्षी सासूही गेली, आणि सात वर्षांच्या पोरक्या दिराला भरवण्याचे काम त्यांच्याकडे आले. तो दीर म्हणजेच आजचे बागायतदार तात्या. छत्तीस वर्षे झाली. विधवेच्या तांबड्या आलवणाचा पदर डोक्यावरून पुढे ओढलेली ती वाकलेली मूर्ती त्या घरात चुलीच्या धुराइतकीच सवयीची झाली होती. तिच्याकडे कोणी मुद्दाम पाहत नसे.

अंगणाच्या कडेला, विटाळ होणार नाही इतक्या अंतरावर, कातकरवाडीची काशी सोललेल्या सुपाऱ्या वाळत घालीत होती. तिचा नवरा दादू तात्यांच्या पोफळी चढे.

"आनंदीमाय, उठा की आता. सकाळधरनं पोटात काय न्हाय तुमच्या."

"आज एकादशी आहे, काशे."

"तुमची एकादशी लय लवकर येते बाय! आमची तर रोजच आस्ती, पर तुमचा देव ती मोजीत न्हाय."

आनंदीबाई हसल्या. त्या क्वचितच हसत, आणि हसल्या की चटकन माजघराकडे पाहत.

त्याच वेळी पुढल्या ओटीवर गावाचे भवितव्य ठरत होते. अलिबागेतल्या काही विद्वान गृहस्थांनी जिल्ह्यातील सर्वांत सुखी गाव शोधून काढण्याचे मनावर घेतले होते. सुख कसे ओळखावे याचा त्यांना फार विचार करावा लागला नाही. गावाचे वर्षाचे उत्पन्न घ्यावे, त्यास माणसांच्या संख्येने भागावे. जो आकडा येईल तेवढे ते गाव सुखी. सर्वांत मोठ्या आकड्यास चांदीची ढाल मिळणार होती. तात्या गावच्या समितीचे अध्यक्ष होते. गणित मांडण्यास त्यांनी आपला मुलगा विश्वंभर याला बसवले होते. हा बाविशीचा, लाजाळू तरुण नुकताच मुंबईहून अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झाला होता.

"साठ?" तात्या कडाडले. "नुसते साठ? नागावचे लोक सत्तर दाखवणार आहेत!"

"उत्पन्न चोवीस हजार सातशे वीस, तात्या. माणसे चारशे बारा. भागाकार साठच येतो."

"उत्पन्न काही आज वाढायचे नाही. माणसे मात्र फार झाली आहेत."

समितीचे दुसरे सभासद कोंडाजी म्हात्रे पान जुळवीत खो खो हसले. "मंग काय, मारायची का काय तात्या?"

"मारायची कशाला? मोजायची नाहीत."

हा शोध तात्यांचा स्वतःचा होता. त्यासाठी त्यांना कोणतीही पदवी घ्यावी लागली नव्हती. प्रथम कातकरवाडी गेली. "फिरस्ते लोक. आज इथे, उद्या तिथे," असे तात्या म्हणाले, आणि कोंडाजींनी "व्हय व्हय, त्यांचा काय भरवसा" म्हणून पिंक टाकली. अठ्ठावन्न माणसे एका रेघेने गावाबाहेर गेली. दादूने उतरवलेली सुपारी मात्र गावाच्या उत्पन्नात जिथल्या तिथे राहिली. तिचा भरवसा होता.

विश्वंभराने पुन्हा भागाकार केला. "एकोणसत्तर रुपये सव्वातेरा आणे."

"म्हणजे सत्तरला कमी किती?"

"पावणेतीन आणे."

तात्या कपाळाला आठ्या घालून इकडेतिकडे पाहू लागले. इतक्यात माजघराच्या उंबऱ्याशी आनंदीबाई चहाची भांडी ठेवून मागे सरल्या. पुढे ओटीवर येणे त्यांना वर्ज्य होते. तात्यांची नजर त्या आलवणावर पडली आणि आठ्या उलगडल्या.

"विधवा," ते म्हणाले. "गावात विधवा किती?"

"अकरा. पण तात्या, काकूसुद्धा..."

"काकू घरचीच आहे रे! तिचा अपमान कोण करतो आहे? ती उत्पन्न काय करते एवढाच प्रश्न आहे. भावनेने बोलू नकोस. हे तुझेच शास्त्र."

कोंडाजींचे पान तोंडापर्यंत जाता जाता थांबले. "तात्या, माजी आय पन रांडाव हाय."

"मग तीही गेली."

कोंडाजींनी पान तोंडात टाकले. "जाऊ दे. तिला कुठं वाचता येतं?"

विश्वंभराने लेखणी बुडवली. आपण लिहितो आहोत ते खोटे आहे, हे त्याला ठाऊक होते. परंतु वडिलांसमोर मान वर करण्यापेक्षा अकरा माणसे पुसणे त्याला सोपे वाटले. पावणेतीन आण्यांसाठी अकरा विधवा गेल्या. सरासरी बहात्तरांवर जाऊन बसली. उंबऱ्याआड आनंदीबाई उभ्या होत्या. त्यांनी सर्व ऐकले, रिकामी भांडी उचलली आणि राखेने लख्ख घासली.

ढाल आली. ती बैलगाडीतून, सनई-चौघड्यासह आली. अलिबागच्या सभेत अध्यक्षांनी पोफळवलीस 'जिल्ह्याचे नंदनवन' म्हटले. ज्यांनी ते नंदनवन कधी पाहिले नव्हते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. गावाची नावनिशीवार यादी आदर्श म्हणून छापली गेली आणि प्रत्येक कचेरीत पोहोचली. छापलेल्या कागदावर अविश्वास दाखवण्याचे धाडस आपल्या देशात कोणी करीत नाही.

चैत्रात खाडीपलीकडून पटकीची साथ आली. प्रथम ती कातकरवाडीत शिरली. तिथल्या लोकांना गावच्या विहिरीवर चढण्याची बंदी होती. ते डबक्यातले पाणी पीत. दोन दिवसांत दोन माणसे गेली. मग गावाला भीती वाटली आणि अलिबागेहून डॉक्टर लस घेऊन आले.

शाळेच्या पडवीत टेबल मांडले होते. छापील यादी वाचली जात होती. नाव उच्चारले की माणूस बाही वर करून पुढे येई. कुंपणाबाहेर दादू उभा होता. एका पोफळीवरून दुसरीवर झोके घेत जाणारा तो माणूस कुंपणाची काठी धरून आपले नाव येते का ते ऐकत होता.

यादी संपली. डॉक्टरांनी पेटीत पाहिले. "यादीप्रमाणे तीनशे त्रेचाळीस झाल्या. सात मात्रा जास्त आणल्या होत्या."

"फार उत्तम," तात्या म्हणाले. "आमच्या वहिनींचे नाव चुकून राहिले आहे, एक त्यांना द्या. बाकीच्या सहा माझ्या व्याह्यांकडे पाठवीन."

आनंदीबाई विधवांच्या घोळक्यात सर्वांत मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. चार पुरुषांत त्यांचा आवाज आजवर कोणी ऐकला नव्हता. तो ऐकून कोंडाजी एकदम उठूनच उभे राहिले.

"भावोजी, माझे नाव चुकून राहिलेले नाही."

"वहिनी, घरी बोलू."

"घरी मी छत्तीस वर्षे बोलले नाही, आता काय बोलणार? डॉक्टरसाहेब, या सातही वाडीवर न्या. तिथे दोघे गेले, आज चौघांना उलट्या आहेत."

डॉक्टर गोंधळले. "कोणती वाडी? यादीत वाडी नाही."

"फिरस्ते लोक हो," तात्या घाईने म्हणाले.

"फिरस्ते? दादूचा आजा तुमच्या आजोबांच्या पोफळी चढत होता." आनंदीबाई वळल्या. "विशू, यादी तुझ्या अक्षरातली ना? सांग यांना."

साऱ्या गावाचे डोळे विश्वंभरावर खिळले. वडिलांचे दोन डोळे त्याला त्या सर्वांहून जड वाटले. त्याने टेबलावरची यादी उचलली.

"यादी खोटी आहे," तो म्हणाला. "गावात माणसे चारशे बारा आहेत. मी एकोणसत्तर खोडली."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिले. त्या दृष्टीत रागही नव्हता. किडीकडे पाहावे तशी ती दृष्टी होती. त्यांनी आणखी लस आणायला अलिबागेस माणूस धाडला आणि सात मात्रा घेऊन ते वाडीवर निघाले. विश्वंभर आणि आनंदीबाई मागोमाग गेले. तात्यांनी मोठ्याने बजावले, "वहिनी, त्या वाडीत पाऊल टाकलेत तर या घराचा उंबरा तुम्हाला बंद!" त्या थांबल्या नाहीत.

सात मात्रा आणि छप्पन्न माणसे. कोणाला द्यायच्या, हे दादूला विचारले गेले. तो जमिनीवर बसला आणि डोके हलवीत राहिला. तेव्हा काशी उठली. तिने एकेका पोराला दंड धरून पुढे ढकलले, स्वतःचे तान्हे शेवटी. सात झाले.

"आणि तू?" आनंदीबाईंनी विचारले.

"मी घेते की उद्याच्या गाडीतली," काशी हसून म्हणाली. "दामल्यांची सुपारी कोण वाळवील मंग?"

लस चौथ्या दिवशी आली. काशी तिसऱ्या दिवशी गेली. आनंदीबाईंनी तिला शेवटचे पाणी पाजले. आयुष्यभर जिच्यापासून हातभर दूर बसल्या, तिचे डोके मांडीवर घेतले. वाडीत एकूण सहा माणसे गेली. जी वाचली ती डॉक्टरांच्या औषधाने आणि आनंदीबाईंनी उकळलेल्या पाण्याने वाचली.

आठव्या दिवशी तात्या वाडीच्या वेशीवर आले. नाकाला रुमाल होता.

"वहिनी, झाले ते झाले. प्रायश्चित्त घ्या आणि घरी चला. आठवडाभर घरात धड स्वयंपाक नाही."

आनंदीबाई काशीचे तान्हे खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. "मी काही उत्पन्न करीत नाही ना, भावोजी? मग अडले कुठे?"

"लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक? यादीतले की यादीबाहेरचे?"

तात्या परत गेले. दादूने वाडीच्या टोकाला झोपडी बांधून दिली, तीत आनंदीबाई राहिल्या. तात्यांनी पगारावर एक आचारी ठेवला, दळणाला आणि धुण्याला नीराबाई नावाची मोलकरीण आणि सुपारी सोलण्यास दोन बायका. एका आलवणाच्या जागी चार पगारी माणसे लागली.

आणि येथेच त्या विद्वानांच्या शास्त्राचा खरा चमत्कार दिसतो. वर्षअखेर ढालीसाठी त्यांचा नवा कागद आला तेव्हा कोंडाजी हर्षाने ओरडले. चार माणसांचे पगार गावाच्या उत्पन्नात मिळाले होते. साथीत चुना खपला, औषधे खपली, चितेची लाकडे खपली. उत्पन्न वाढले होते. यादीतले एकही माणूस दगावले नव्हते, म्हणून 'पटकीने मृत्यू' या रकान्यात शून्य पडणार होते. काशी मेली आणि पोफळवली अधिक सुखी झाली!

"लिही," तात्या म्हणाले.

साथ ओसरल्यावर घरी परतलेल्या विश्वंभराने कागद पुढे ओढला. उत्पन्नाचा रकाना त्याने कोरा ठेवला. मृत्यूच्या रकान्यात सहा नावे लिहिली, त्यांत पहिले काशीचे. लोकसंख्येच्या रकान्यात चारशे सहा लिहिले. मग तो उठला.

"हे पाठवशील तर या घरात राहू नकोस," तात्या शांतपणे म्हणाले.

"नाही राहणार," विश्वंभर म्हणाला. तो कागद त्याने स्वतः अलिबागेस पोहोचवला, आणि परतताना दामल्यांच्या दाराशी न थांबता तो वाडीकडे वळला. त्या महिन्यात तिथे विहीर खणायला सुरुवात झाली.

विद्वान गृहस्थांचे उत्तर पंधरा दिवसांनी आले: "आपले पत्र विषयास सोडून असल्याने दप्तरी दाखल केले आहे."

वाचकहो, आपल्या गावाचीही सरासरी कोणीतरी काढीत असेल, आणि ती ऐकून आपणही टाळ्या वाजवीत असाल. एकदा आपल्या घरातली माणसे स्वतः मोजून पाहा. ओटीवरून नको, मोरीवर खरकटी भांडी घेऊन जी बसली आहे, तिच्यापासून सुरुवात करा.