पाणी नुसतं कोमट

पडदेवाल्याने बायकोला गरम पाण्याच्या झऱ्यांवर न्यायचं कबूल केलं, तेव्हा तिचे गुडघे नुकते कुरकुरू लागले होते. पण आधी मोठी ऑर्डर आली, मग दुकान वाढवलं. "एवढं हॉटेलचं काम उरकलं की निघालोच," हे तो इतक्यांदा म्हणाला की मुलगी त्याची नक्कल करायची. आणि मशीनचं पायडल मारत कोण बसलं होतं? बायकोच. गिऱ्हाईकांना चुण्या तिच्याच हातच्या लागत.

शेवटी तिला जिना चढवेना, तेव्हा कुठे साहेबांना मुहूर्त सापडला.

घाट संपता संपता गाव आलं. उतरत्या गल्ल्या, गटारांतून निघणारी वाफ, गंधकाचा वास. जुन्या स्नानगृहाच्या घुमटाखाली ती हरखून उभी राहिली. त्याने मात्र सवयीने तिथल्या पडद्याची दुमड उलटी करून पाहिली.

"अहो, आज तरी," ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

कुंडात उतरण्याआधी प्रत्येकाची तपासणी होई. डॉक्टरीणबाईंनी तिची छाती ऐकली, पुन्हा ऐकली.

"हृदय दमलंय, काकू. एवढ्या गरम पाण्यात नाही उतरू देणार मी."

"गुडघ्यापर्यंत तरी?" त्याने विचारलं.

"तेही नको. थोडं आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती."

त्याचा चेहरा पार उतरला. "चल, घरी जाऊ," तो म्हणाला.

"एवढ्या लांब येऊन? तुम्ही तरी उतरा. मला सांगा कसं असतं ते."

तिचा शब्द मोडवेना म्हणून तो उतरला. आणि काय सांगावं, कमरेतला जुनाट ठणका बघता बघता निवला. नेमकं हेच त्याला सोसवेना. झऱ्यात काही दम नाही असं निघालं असतं, तर तो सुखाने घरी गेला असता. रडलेलं कुणाला कळू नये म्हणून तो तोंडावर पाणी मारत राहिला.

बाहेर ती बाकावर त्याचा टॉवेल मांडीवर घेऊन बसली होती.

"कसं होतं?"

"काही नाही गं, उगीच नाव झालंय. पाणी नुसतं कोमट."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "खरं सांगा."

"फार बरं वाटलं," तो म्हणाला. "तुला आधीच आणायला हवं होतं."

आता ती 'जाऊ द्या हो' म्हणेल, अशी त्याची खात्री होती. आजवर प्रत्येक वेळी ती तेच म्हणत आली होती.

"हो," ती म्हणाली. "आणायला हवं होतं."

टॉवेल त्याच्या हातात देऊन ती भिंतीच्या आधाराने उठू लागली.