आधी रक्त, मग दारू

भैरू शेळ्यांसाठी पाला तोडताना झाडावरून पडला. पोलादपूरच्या वर डोंगरमाथ्यावरच्या आमच्या वाडीपर्यंत गाडी जात नाही. म्हणून गावकीचा प्रमुख महिपती याने मला फोन करून पायथ्याशी गाडी आणायला सांगितले. पदविका घेऊन मी कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होतो. निवृत्तीनंतर पोलादपुरात राहतो आणि वाडीचे असले निरोप मलाच येतात. घोंगडीच्या झोळीतून चौघांनी भैरूला उतरवले, तेव्हा तो घोरत होता. त्याची आई सगुणाबाई झोळीला धरूनच चालत होती.

महाडच्या खासगी रुग्णालयात डॉक्टर मानसी यांनी त्याच्यावर वाकताच विचारले, "दारूचा वास येतोय. केव्हा प्यायला?"

सगळ्यांनी महिपतीकडे पाहिले.

वाडीत दारूबंदी आहे. महिपतीनेच ती शिमग्यात होळीपुढे नारळ ठेवून जाहीर केली. जो पिईल किंवा पाजील, त्याच्या दारात कोणी जायचे नाही, मयतालाही नाही.

"सकाळपासून प्यायलेलाच होता, मॅडम," महिपती म्हणाला. "मुंबईला कामाला होता, तिथली सवय. तसाच झाडावर चढला. पडला तो असाच पडला, पुन्हा डोळा नाय उघडला."

"नीट आठवून सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "आमचं स्कॅन मशीन बंद आहे. रुग्णवाहिका एकच, आणि पाय मोडलेला एक जण तिच्यासाठी थांबलाय. हा दारूनेच असा असेल, तर उतरेपर्यंत इथे लक्ष ठेवता येईल. पण पडल्यावर बोलत होता आणि मग असा झाला असेल, तर डोक्यात रक्त साचतंय. मग आधी यालाच पनवेलला न्यायला हवं."

"असाच पडला," महिपती पुन्हा म्हणाला.

मी भैरूकडे पाहिले. यंत्र बंद पडले की आम्ही प्रथम एवढेच शोधत असू: आधी काय झाले, नंतर काय. कपाळावरचे रक्त मानेवरून सदऱ्यावर उतरून वाळले होते. त्या वाळलेल्या रक्तातून हनुवटीपासून एक ओघळ गेला होता. तेवढी वाट फिकी गुलाबी झाली होती आणि वास तिथलाच येत होता.

"महिपती, ही दारू रक्तावरून वाहिली आहे. पडल्यावर त्याच्या तोंडात कोणी ओतली?"

"दादा, तुम्ही शिकलेले. पन तुम्ही होता काय तिथं?"

"मी नव्हतो. ही होती."

सगुणाबाईने पदर तोंडात धरला होता. महिपती आवाज उतरवून म्हणाला, "सगुणे, वाडीत राहायचं हाय ना गो?"

माझा हात उठायचाच बाकी होता. तेवढ्यात तिने पदर सोडला.

"कुणासाठी राहू रे मेल्या? ह्याच्यासाठीच ना?" मग डॉक्टरांना म्हणाली, "बाय, पडल्यावर उठून बसला हुता माझा लेक. हात मोडला म्हनाला. शेळ्या बांधून घे म्हनाला. उतरताना कळ लागू नये म्हनून ह्या महिपतीनं आपल्या घरातली बाटली आनली, दोन पेले पाजले. मग झोपला, तर ह्यो म्हनतो, बरं झालं!"

तिचे बोलणे संपण्याआधीच डॉक्टरांनी रुग्णवाहिकेच्या चालकाला हाक मारली होती.

दुखऱ्या माणसाला दारू पाजणे ही आमची जुनी रीत आहे. महिपतीने ती मायेनेच पाळली असेल. त्यासाठी मी त्याला दोष देत नाही. पण रुग्णालयात येताच स्वतःचा मान राखण्यासाठी त्याने त्या पोराला दारुडा ठरवले आणि त्याला तिथेच घोरत मरू द्यायला तो तयार झाला. याला क्षमा नाही.

संध्याकाळी मी आणि महिपती महाडलाच थांबलो होतो, तेव्हा लेकाबरोबर गेलेल्या सगुणाबाईचा पनवेलहून फोन आला. डोक्यातले रक्त काढले होते. भैरूने डोळे उघडले होते.

"भैरीबाबाची कृपा," महिपतीने हात जोडले.

"आणि मेला असता तर? दारूने मेला, म्हणून होळीपुढे सांगितलं असतंस."

त्याने जोडलेले हात माझ्याकडे वळवले. "दादा, हे गावकीत नको. माझ्या दारात कोन येनार नाय."

"गाडीत बस. तुझ्याबरोबर वर येतो. बंदी तू घातलीस, मोडलीस तू. आता चारचौघांत तूच सांगायचं."

"एवढा चढ, दादा. तुमचे गुडघे दुखतील."

"दुखू देत," मी म्हणालो. "तू फक्त मला काही पाजू नकोस."