नाव घासलेली डबी

गेलेल्या माणसाचा संग्रह विकत घ्यायला गेलं की आधी घरातल्या खुर्च्या बघाव्यात. कोण कोणाला चिकटून बसलंय यावरून निम्मा सौदा कळतो. या घरात दोन्ही मुलगे टेबलापाशी मांडीला मांडी लावून बसले होते आणि त्यांची आई दाराजवळच्या स्टुलावर, जणू तीच काहीतरी विकायला आली होती.

टेबलावर चांदीच्या नाणेडब्या मांडलेल्या. खिशातल्या घड्याळाएवढी गोल डबी, झाकण उघडलं की आत चकती, चकतीखाली स्प्रिंग. सोन्याचं नाणं दाबून कडेखाली सरकवायचं आणि हवं तेव्हा अंगठ्याने बाहेर ढकलायचं. सोन्याची नाणी खिशात खेळत होती तोवर बड्या लोकांच्या साखळीला ही डबी लोंबायची. कागदी नोटा आल्या आणि डब्या रिकाम्या पडल्या. मग त्याही जमवणाऱ्यांच्या कपाटात गेल्या. जुनी नाणी जमवणं हा एके काळी राजांचा नाद. पाहुण्यांना दाखवायची आणि भाव खायचा. राजांकडून तो विद्वानांकडे आला, विद्वानांकडून कारकुनांकडे. या घरचा गृहस्थ त्यातलाच एक. त्यापुढे संग्रह वारसांच्या हाती पडतो. तिथे नाद संपतो आणि वास सुटतो.

"काका, एकरकमी बोला," धाकटा म्हणाला. "सुटं काही द्यायचं नाही."

"एक सोडून," थोरल्याने दुरुस्ती केली. "आमच्या आजीची, म्हणजे आईच्या आईची, एक डबी यात असायची, नाव कोरलेली. ती तेवढी आईची. मामासमोर ठरलंय. नावाची डबी दिसली की बाजूला काढा. आपण शब्दाला पक्के."

शब्दाला पक्का माणूस तसं सांगत बसत नाही. मी डब्या उलटसुलट करून पाहिल्या. एकावरही नाव नव्हतं. तशी आई उठली, टेबलापाशी आली आणि न चाचपडता एक डबी उचलली.

"ही."

"नाव दाखव ना त्यावर," धाकटा म्हणाला.

"इथे होतं. झाकणावर."

"अगं आई, तुझी ती डबी केव्हाच हरवली. बाबाच म्हणायचे. हल्ली तुझ्या लक्षात राहत नाही. परवा गॅस तसाच ठेवून फिरायला गेलीस, विसरलीस?" एवढं बोलून त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. म्हणजे आता आम्ही दोघं शहाणे आणि ती म्हातारी.

आईने अंगठा झाकणावरून फिरवला. "असेल बाबा," ती हळूच म्हणाली. "मला आपलं वाटलं..."

मी डबी तिच्या हातातून घेतली आणि झाकणावर तोंडाची वाफ सोडली. जुनी चांदी घेताना आम्ही हे करतोच. डाग देऊन सांधलेलं असो की अक्षरं घासलेली, वाफेखाली उघडं पडतं. झाकण पांढुरकं झालं आणि मधोमध घासलेल्या नावाचं पहिलं अक्षर उमटलं, त्यामागून दुसरं. कोरणाऱ्याचा हात जड असला की धातू आतपर्यंत दबतो. वरून कितीही घासा.

"कोणाकडून घासून घेतलंत?"

"पॉलिश केलंय फक्त," थोरला म्हणाला.

"पॉलिश एवढ्याच जागेला?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग धाकट्याने विचारलं, आणि विचारलं तेही काय, "भावात फरक पडतो का?"

"पत्रा इथे पापडासारखा झालाय. नाव असतं तर सगळ्यांत आधी हीच गेली असती. आता वितळवायच्या भावात."

थोरल्याने लगेच डबी उचलून आईच्या हातात ठेवली, वर तिची बोटंही मिटली. "घे आई, तुलाच राहू दे. आम्ही कशाला नाही म्हणू?"

धंद्यात मी चोरीचा माल ओळखला आहे, चोरांशी बोललोही आहे. पण चोरलेलंच उदार हाताने परत करणारा, आणि त्याबद्दल कौतुकाची वाट बघणारा, आज पहिल्यांदा बघत होतो.

आईने झाकणावर वाफ सोडली. अक्षरं आली, विरली. तिने परत सोडली. चार-पाच वेळा असं झालं.

"तुम्ही उद्या या," ती मला म्हणाली. "हे दोघं कामावर गेले की."

"आई, बाबांचा संग्रह आहे तो. आम्ही ठरवतोय ना सगळं."

"बाबांनी तो माझ्या नावावर केलाय. सही माझी हवी म्हणूनच मला इथे बसवलंत. एवढं माझ्या लक्षात आहे."

मी पिशवी आवरून निघालो. फाटकापर्यंत पोचतो तोच धाकटा चपला फटफटवत मागे आला. आवाज खाली, जवळीक वर.

"काका, तुमच्या ओळखीत कोणी आहे का, तेच नाव परत कोरून देणारा? जुन्यासारखं दिसायला हवं. खर्च आम्ही दोघं भाऊ वाटून घेऊ."

निरोपाला त्याने हात पुढे केला होता. मी माझे दोन्ही हात पिशवीला लावले आणि चालू लागलो.