एकशे बारा खड्डे

भिवंडीजवळच्या अंजूरच्या प्रितेशचं नशीबच उफराटं. सगळं गाव चांगल्या रस्त्यासाठी नवस बोलत होतं आणि हा पठ्ठ्या हात जोडून म्हणत होता, देवा, आणखी चार दिवस खड्डे शाबूत ठेव.

त्याचं असं झालं. एक कंपनी साडेसहाशे सीसीची नवी स्पोर्ट बाईक तयार करत होती आणि ती चालवून बघायला प्रितेशला हंगामी ठेवलं होतं. गाडी कुणाला ओळखू येऊ नये म्हणून तिला अंगभर काळेपांढरे पट्टे चिकटवलेले; त्यामुळे ती मैलभरावरून दिसायची. गावच्या रस्त्यावरचे एकशे बारा खड्डे कंपनीच्या इंजिनिअर जीवनने स्वतः टेप लावून मोजले होते. याच रस्त्यावर हजार फेऱ्या मारून शॉकअप टिकले, तर गाडी पास आणि प्रितेश कायम. नऊशे फेऱ्या झाल्या, आणि रस्ता करायला रोलर आला!

आणि तो आणला कुणी? प्रितेशच्या सख्ख्या आईने, रंगूबाईने. सहा वर्षं तिने बायका जमवून मोर्चे काढले, दोनदा बांधकाम खात्याच्या साहेबाच्या दारात ठिय्या मारला. तिला थांब म्हणायची कुणाची टाप? पण पोटाचा प्रश्न होता. प्रितेशने चाचरत सगळं सांगितलं. तिने आधी त्याला, मग त्या गाडीला, मग जीवनला शेलक्या शिव्या घातल्या. त्यानंतर पदर खोचला आणि जाऊन रोलरपुढे बसली. मागोमाग साऱ्या बायका. कंत्राटदाराने कपाळावर हात मारून घेतला. परवापर्यंत ह्याच बायका रस्ता पाहिजे म्हणून बसत होत्या. रंगूबाईने त्याला ठणकावलं, की आम्ही सहा वर्षं थांबलो, तू चार दिवस थांब.

चार दिवस प्रितेश फिर फिर फिरला. शॉकअप टिकले, कंबर मात्र कामातून गेली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी जीवन पेढे घेऊन घरी आला. गाडी पास, नोकरी पक्की. वर त्याने आणखी एक खूशखबर दिली: कंपनीच्या साहेबांना हा रस्ता फारच पसंत पडलाय, पुढची गाडीही इथेच चालवून बघणार, पुरती दोन वर्षं. प्रितेशने तोंडाशी नेलेला पेढा परत खाली ठेवला. आईकडे बघायची त्याची छाती होईना.

रंगूबाईने हातातला पेढा सावकाश संपवला.

"रोलर सकाळी सातला चालू होनार," ती जीवनला म्हणाली. "तुमी दुसरे खड्डे बघा. भिवंडीत काय त्यांचा दुष्काळ हाय?"